तारांखालची जागा

घणसोलीत, आमच्या सोसायटीच्या मागे
हाय टेन्शनच्या तारा जातात, तिथे
कुणाला काही बांधता येत नाही.
म्हणून सगळ्यांनी तिथे टाकलं:
बाथरूम फोडणाऱ्यांनी टाइल्स, ओटा फोडणाऱ्यांनी कडाप्पा,
कुणीतरी एक अख्खं दार,
कडी लावलेलं.

पहार मारली की आधी खण्णकन वाजायचं.
मग मुरूम, मग प्लास्टर, मग पुन्हा निळी टाइल.
मी तीस वर्षं रबाळ्याला रंगाच्या कंपनीत होतो.
निळा ओळखतो,
आणि तो नाल्यात कुठल्या वारी सोडायचे, तेही.
हे कुणी विचारलं नव्हतं. खणताना आठवलं.

माती विकत आणायची नाही, एवढंच ठरलं होतं.
दशरथ पानं झाडून जाळायचा, ती मागून घेतली.
शहाळेवाल्याकडून सालं.
चौथ्या मजल्यावरच्या मोहिते बाईंकडून
चहाचा चोथा, आइसक्रीमच्या डब्यात, न चुकता.
वर्षभर त्या ढिगाला नुसताच वास होता.
मग एकदा हात घातला तर आत ऊब,
आणि एक वाणी,
पायांचा हिशेब न देता
बोटावरून पलीकडे गेला.

सेक्रेटरी कुरियन साहेबांना लॉन हवं होतं,
कडेने पाम.
आम्ही रुई लावली, एरंड, कुर्डू, कढीपत्ता.
टाकळा आपसूक आला, विचारायला थांबला नाही.
"हे तर रस्त्याकडेला उगवतं," साहेब म्हणाले.
म्हटलं, तेच तर.

कढीपत्ता कमरेला लागला
आणि आठवड्यात त्याच्या काड्या उरल्या.
पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या,
बघता बघता हिरव्या, जाड, निवांत.
मोहिते बाई औषधाचा पंप घेऊन खाली उतरल्या.
मी पायजम्यातच आडवा झालो:
बाई, हे झाड खाल्लं जावं म्हणूनच लावलंय.
त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"आणि माझी फोडणी?"
आता दोन झाडं आहेत.
दुसऱ्यावरच्या अळ्या त्या स्वतः
काडीवर घेऊन पहिल्यावर सोडतात.

सिडकोचा बोर्ड अजून उभा आहे.
अतिक्रमण करणाऱ्यांवर कारवाई.
त्याच्या पाठीवर कुंभारमाशीने
मातीच्या तीन खोल्या काढल्यात.

फुटकं सिंक जमिनीत पुरून पाणी भरलं.
चतुर आले. मुंगूस एकदाच आलं,
पाणी पिऊन मागे न बघता गेलं.
भाद्रपदात सिंकच्या कडेला एक भोक दिसलं;
मला वाटलं, घूस.

गावठाणातल्या धर्मीबाई म्हात्रे रुईची पानं न्यायला आल्या होत्या,
शनिवारच्या माळेसाठी.
उकिडव्या बसल्या, कोपरापर्यंत हात घातला
आणि पाठीला धरून बाहेर काढला.
"मुठा. शेतातला."
शेत जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली, मी म्हटलं,
हा आला कुठून?
त्यांनी तळहातावर त्याचं वजन बघितलं.
"एकल्याचा काय रस्सा व्हनार,"
आणि परत भोकाशी सोडला.

मग उठल्या. टॉवरकडे पाठ केली,
डोळे बारीक करून काहीतरी जुळवलं,
आणि चपलेच्या टोकाने रेघ ओढत चालत गेल्या.
"बांध हितून जायचा."

रेघ बरोबर आमच्या ढिगातून गेली आहे.
ढीग हलवायचा का,
अजून ठरलेलं नाही.