सुपारीचा उंट

दाभोळच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीमागच्या पडवीत
एक बाक, एक स्टूल, मध्ये पट.
काळ्यांचा एक उंट फार वर्षांमागे खाडीत पडला,
तेव्हापासून त्याच्या जागी सुपारी.
फकीरमहंमद परकार ती घरच्या वाडीतून आणतात.
फार दिवस टिकत नाही.
हरबा तांडेलांनी मारली की तिथल्या तिथे कातरतात,
म्हणतात, माझा कैदी आहे.

मी खेळ्या लिहितो,
जुन्या तिकीटबुकांची पाठ कोरी असते.
आज बत्तिसाव्या खेळीला दोन्ही वजीर गेले,
एकमेकांना घेऊन, कुरकुर न करता.
हत्ती त्याआधीच.
उरले राजे, चार-चार प्यादी,
तांडेलांचा लाकडी उंट पांढऱ्या घरांवरचा
आणि सुपारी काळ्या घरांवरची.

ज्याला कळतं त्याला इथेच कळतं.
हे दोघे आता कितीही तिरके चालोत,
एकमेकांच्या दारावरून जातील, येतील,
शिवणार नाहीत.

"संपलं की," मी म्हणालो.
"बस रे," परकार म्हणाले. "भरती यायचीय अजून."

तांडेलांनी प्यादं पुढे सारलं.
उगाच नव्हे. तीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस
रिकाम्या पाण्यातही एकदा जाळं टाकून बघतो.
परकारांनी सुपारी एक घर मागे घेतली.
कुवेतच्या गोदीत वजनं लिहिण्यात जन्म गेला त्यांचा,
छटाकभरसुद्धा सुटत नाही.
जाळं वर आलं. नुसतं पाणी.
तांडेलांनी दुसरीकडे टाकलं.

फेरीबोटीसाठी थांबलेली पोरं बाइकवरून वाकली,
"कोण जिंकतंय, काका?"
कुणी मान वर केली नाही.
बोटीची फळी धाडकन पडली, पोरं गेली.
"नुसतं घासतायत," एवढं ऐकू आलं.

त्रेपन्नाव्या खेळीला तीच मांडणी तिसऱ्यांदा.
तांडेलांनी बोट टेकवलं, उचललं,
खाडीकडे बघितलं.
पाणी पायरीला लागलं होतं.
हात कुणी पुढे केला नाही, त्यांच्यात तशी पद्धत नाही.
परकारांनी सुपारी पटावरून उचलली,
आज कैद न झालेली, धडधाकट,
आणि समोर सरकवली.
"कातर. अर्धी माझी."

अडकित्ता वाजला. मी वहीत अर्धा-अर्धा लिहिलं.
दोघे बराच वेळ चघळत बसले.
"तुझ्या लाकडापेक्षा चव बरी," परकार म्हणाले,
आणि सदऱ्याचा खिसा चाचपला.
उद्याचा उंट सकाळपासून तिथेच होता.