पंचवीसचा पाढा

साडेदहाच्या आत खिचडीचा फोटो चढवायचा असतो
आणि रेंज येते फक्त पाण्याच्या टाकीवर.
म्हणून रोज मी टाकीवर चढते, पदर खोचून,
एका हातात ताट, एका हातात मोबाईल.
खालून पोरं ओरडतात, "बाई, गेला का? गेला का?"
जणू पतंगच उडवतेय मी.

शाळेचा नंबर सांगत नाही,
नंबर सांगितला की खुलासा मागवतात.
एवढंच, की मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहे
आणि त्याच्या खटखटीवर आमची कविता चालते.
लाईट गेली की माग थांबतो,
वर्गाचा ताल सुटतो.

हविनाळे सर मुख्याध्यापक.
बारा दिवस झाले, जोडभावी पेठेत
मतदारयादी घेऊन फिरतायत.
परवा बेचाळीस डिग्रीत एका ओट्यावर टेकले,
पाणी मागितलं.
म्हातारी तांब्या देत म्हणाली,
"तुम्ही आमच्या अंबादासला शिकवलंत की, सर."
सरांनी यादी पाहिली.
अंबादास वगळायच्यांत होता.

मंगळवारी पत्र आलं : मुलांचे स्तर तपासा,
गुरुवारपर्यंत भरा,
विलंब झाल्यास सर्वस्वी आपण जबाबदार राहाल.
अख्ख्या पत्रात 'आपण' एवढाच काय तो मान.

अक्षिता म्याकल, चौथी.
घरात तेलुगू, बोळात तेलुगू, शाळेत मराठी.
टॅबवर प्रश्न आला :
बागेत चाळीस रांगा, प्रत्येक रांगेत पंचवीस रोपे,
तर एकूण रोपे किती?
रांग तिला ठाऊक होती, नळाची, रेशनची.
रोपे या शब्दाशी ती अडली
आणि माझ्याकडे बघत राहिली.
मदत करू नये, सूचना क्रमांक सात.
तीस सेकंद संपले.
लाल चौकट. स्तर : प्रारंभिक.

मी टॅब पालथा घातला.
"अक्षू, अम्मा दिवसाला किती बिड्या वळते?"
"हजार."
"कट्टे किती होतात?"
"चाळीस. पंचवीस-पंचवीसचे. दोरा मी बांधते.
पण कारखान्यात छाटतात, बाई.
मग अडतीसच धरतात. कधी सदतीस."
"म्हणजे बिड्या किती?"
"नऊशे पन्नास... नऊशे पंचवीस."
बोटसुद्धा हललं नाही तिचं.

हे भरायला रकाना नव्हता.
शेरा होता, शंभर अक्षरांचा, तोही ऐच्छिक.
मी लिहिलं, मुलीला येतं.
पाठवायला टाकीवर गेले. चाक फिरत राहिलं,
फिरत राहिलं.

शनिवारी पर्यवेक्षक आले.
माझं हजेरीपत्रक, चव रजिस्टर, पालकभेट वही,
सगळं टेबलावर मांडून
अंगठ्याने एकेक पान बाजूला सारत गेले :
हे चालणार नाही. हे पण नाही. सही कुठाय?
मी उभी होते. खुर्ची एकच होती, त्यात ते बसले होते.
दाराशी अक्षिता, खडू मागायला आलेली,
त्यांच्या अंगठ्याकडे एकटक बघत.

ते गेल्यावर जवळ आली,
हळूच विचारलं,
"बाई, तुमचे किती छाटले?"

घड्याळात दहा पंचवीस झाले होते.
मी पदर खोचला.