वाजत होतं म्हणून

पीटरहेडच्या बंदरामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
सल्ला केंद्र आहे. मंगळवारी तिथलं एक टेबल माझं.
पगार नाही. चहा मिळतो, हीटर मनात आलं तर चालतो.
एल्स्पेथ बुकननं पर्समधून बिल काढलं,
इतक्यांदा घडी घातलेलं
की रकमेच्या मधोमध कागद विरला होता:
एकशे अठरा पौंड, चाळीस पेन्स.
“मी एक शब्दही बोलले नाही,” ती म्हणाली. “तसंच लिहा.”

तसंच लिहिलं.
रात्री दोन तेराला एक रिंग. एकच. मग गप्प.
नंबर लांबलचक, पुढे अधिकची खूण,
कोड कुठल्याशा बेटाचा. नकाशात ते
माशी बसल्यासारखं दिसतं.
तिनं उलट फोन लावला.
तिकडे वाजत राहिलं.

“उचललाच नाही कुणी,
मग पैसे कशाचे?”

हे सांगणं मला आवडत नाही,
पण मंगळवारी सांगावं लागतं:
तिकडे फोन पहिल्याच क्षणी उचललेला असतो.
तुम्हाला ऐकू येतं ते वाजणं नसतं,
वाजण्याचा आवाज असतो.
टेप लावून ठेवतात. मिनिटाला तीन पौंड सत्तर.

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
तिथे एक सीगल कुणाचा तरी सँडविच सोलत होता.
“खरं वाटत होतं हो,” ती म्हणाली.
“जिन्याखाली फोन असलेल्या घरासारखं.
माणूस वर झोपलाय,
उठेल, सपाता शोधेल, उतरेल,
असं.”

कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकली
(ती फुकट होती, हे नमूद करतो).
मग क्रेग नावाचा मुलगा आला, आवाजाला इस्त्री केलेला.
पहिला कॉल चुकून, समजू शकतो, मॅडम.
पण बुधवारी? गुरुवारी? पुन्हा रविवारी?
प्रत्येक वेळी आठ मिनिटं, मॅडम,
आठव्या मिनिटाला लाइन आपोआप तुटली म्हणून आठ.
नाहीतर?

मी स्पीकर बंद करायला हात पुढे केला.
तिनं माझा हात बाजूला सारला.
“नाहीतर नऊ,” ती म्हणाली.

गॅविन जहाजांवर असतो. असावा.
शेवटचं भांडण व्हॅनच्या हप्त्यांवरून, पाच वर्षं झाली.
हे तिनं मला सांगितलं, क्रेगला नाही.
फॉर्मवर कारणांचे तीन चौकोन होते:
फसवणूक, चूक, इतर.
इतरच्या पुढे दीड ओळ जागा.
मी ‘दिशाभूल’ असा भारदस्त शब्द सुचवला.
तिनं पेन घेतलं आणि लिहिलं:
वाजत होतं म्हणून थांबले.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं.
सद्भावनेपोटी पहिल्या कॉलचे एकोणतीस पौंड साठ परत,
बाकीचे अठ्ठ्याऐंशी ऐंशी देय.
सद्भावना मोजायला त्यांच्याकडे पेन्सपर्यंतचा काटा आहे.
मी खवळलो. लोकपालाकडे चार पानं धाडली,
चोराला दलाली आणि म्हातारीला पावती,
असंही एक वाक्य होतं. ते नंतर खोडलं.

कंपनीची आणखी एक सूचना होती:
परदेशी नंबर कायमचे बंद करून देऊ, विनामूल्य.
मी म्हटलं, हे तरी घ्या पदरात.
तिनं चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं,
बोट ठेवून, एकेका शब्दावर.
“जाणारे बंद करा,” ती म्हणाली.
“येणारे नकोत.”

निकाल अजून यायचाय.
ती मंगळवारी येते, काम नसलं तरी,
फोन टेबलावर उताणा ठेवते, आवाज पूर्ण मोठा.
परवा तो एकदा थरथरला.
चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.
दंतवैद्याचा निरोप होता, गुरुवारी साडेदहा.
तिनं तो वाचला,
आणि दूध जरा जास्त घाला म्हणाली.