ठिपके

टोलीडो. फेब्रुवारी. जिमच्या भिंतीवर
चारशे बारा नावं.
समुपदेशक प्रुइटबाई म्हणाल्या,
"मार्क विसरा. ज्याच्याविषयी काही ठाऊक असेल
त्याच्यापुढे हिरवा ठिपका लावा."

बास्केटबॉलच्या कप्तानाला
देवी आल्यासारखे ठिपके.

वेंडेल क्रुपाची ओळ कोरी.
वर्षभर माझ्याच बीजगणिताला बसतो.
आठवून पाहिलं: करडं हूड,
डावीकडे कलणारा सातचा आकडा.
बस.
ठिपका बोटाला चिकटून राहिला,
घरी भांडी घासताना सापडला.

सकाळी दारातला मेटल डिटेक्टर
त्याच्या पट्ट्याच्या बक्कलवर
रोजच्यासारखा ओरडला.
रखवालदारानं हात वर करायला लावले.
मी पुढे झाले. विचारलं,
"वेंडेल, नाश्ता केलास?"

त्यानं खिसे
पुन्हा एकदा उलटे करून
मला दाखवले.