मधली रेघ

सत्तावीस वर्षं झाली, मैदान मीच आखतो.
तेरा बाय दहा. चार खुंट्या, ताणलेली सुतळी,
घमेल्यातला चुना मुठीनं सोडायचा
श्वास धरून,
म्हणजे रेघ हलत नाही.

जय बजरंग क्रीडा मंडळ, बोरखडी.
पहिल्या वर्षी सात गडी, पाच बनियन.
जो बाद होई तो काढून आत जाणाऱ्याला देई,
ओलं, दुसऱ्याच्या घामाचं.
तरी वरुडला शालिक कुमरे
एका दमात चौघांना मारून आला
आणि पंच शिट्टी वाजवायची विसरला.

मग सात सालं आमची.
ढालींना ग्रामपंचायतीनं कपाट दिलं.
कपाट भरलं तेव्हा नत्थूजी धर्माळे म्हणाले,
"उरलेल्या मारोतीच्या पायाशी ठेवा."
एकीवर शेंदराचे डाग अजून आहेत.

संत्र्याला भाव होता त्या वर्षी मुन्नासेठ आला.
निळ्या जर्सी, छातीवर त्याच्या पेढीचं संत्रं.
मॅट आणली.
मॅटला रेघा आधीच असतात.
दोन हंगाम मी चहा वाटला.
नागपूरचे दोन गडी पैशावर आले,
आपली दोन पोरं कडेला, बिस्किटं मोजत.
जिंकलो. खोटं कायले बोलू?
पण परतीच्या टेम्पोत कोणी बोंबललं नाही.

बागांवर कोळशी आली.
सेठ गेला, मॅट गेली,
नागपूरवाले त्याच रात्रीच्या एसटीनं.
अ गटातून ब, ब मधून क,
जिथे शाळकरी पोरांशी खेळायचं
आणि हरायचंही.
एकदा सातवा गडी मिळेना, मी उतरलो,
एकेचाळीस वय, हाताला चुना.
पहिल्याच पकडीत खांदा निखळला.
थंडीत तो अजून बोलतो.

नदीपल्याडच्या खडक्याचंही तेच झालेलं,
त्यांचे गडी चाकणला, कंपनीत.
पंचवीस वर्षं ज्यांच्या दंडांवर आमची नखं
त्यांच्यासोबत एका सतरंजीवर बसलो,
दोन मंडळांचं एक करायला.
रात्री दीडपर्यंत भांडण:
आधी बोरखडी की आधी खडका.
शेवटी शालिक उठला, गुडघ्यावर हात ठेवून,
डोकं पांढरं:
"नदीचं नाव ठेवा ना बे.
ते कोनाच्याच बापाची नाई."
चुडामण क्रीडा मंडळ.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

आज पहिला सामना, क गट.
खडक्याचा आखणारा गुलाब मडावी
आपलं घमेलं घेऊन आलाय.
त्याची रेघ जाड, माझी बारीक.
अर्धं मैदान त्यानं आखलं, अर्धं मी.
पोरं बाहेर मांड्या थोपटतायत,
एकाच रंगाचे बनियन, सातच्या सात.
सुतळीचं एक टोक त्याच्याकडे,
एक माझ्याकडे.

"तू सोड चुना," तो म्हणतो.
"नाई, तू."