मजुरीचा रकाना

उद्यमनगरात, दोन फौंड्रींच्या बोळात,
पत्र्याच्या शेडमध्ये
मी पहिलं बिल लिहायला बसलो तेव्हा
हात धुतलेले होते, तरी अक्षर डळमळलं.

त्याआधी अकरा वर्षं, सुट्टीच्या सोमवारी,
मी एकाच डुक्कर फियाटच्या पोटाखाली झोपायचो.
निपाणीच्या वखारीत सापडलेली,
कार्बुरेटरमध्ये तंबाखूचा चुरा,
मागच्या सीटवर मांजरीची तिसरी पिढी.
कुणी विचारलं, काय मिळतं यात?
तर मी म्हणायचो, वंगण.

बायको पतसंस्थेत, आकडे तिच्या बोटांवर.
म्हणाली, छंदाला कुणी हिशोब विचारत नाही
म्हणून तर तो तुला परवडत नाही.
त्या आठवड्यात फियाट विकली.
शेडचं डिपॉझिट म्हणजे ती फियाट.
पुण्याचा एकजण घेऊन गेला, लग्नात भाड्यानं देतो म्हणे.
असू दे. झेंडू काही वाईट नसतो.

हुसेन शिकलगार, डेंटर, वय सांगत नाही,
पत्र्याला कान लावून हातोडी मारतो.
आवाज गोल झाला की पत्रा गोल झाला,
एवढंच त्याचं शास्त्र.
जो पार्ट जगात कुठं मिळत नाही
त्याचा पॅटर्न आम्ही सागात कोरतो,
आणि रात्रपाळीचा बाबू लोहार शेवटच्या ओतीत
पंपांच्या रांगेत आमचं एक मनिफोल्ड ओतून देतो.
सकाळी वाळू झटकून, पेपरात गुंडाळून आणतो,
अजून कोमट.

मग गडहिंग्लजहून डॉक्टरीणबाई आल्या,
इंदुमती नेसरीकर, ऐंशीच्या पुढं,
टेम्पोत मॉरिस मायनर, स्वतः पुढं ड्रायव्हरशेजारी.
या गाडीत तीन पोरं जन्मलीत, म्हणाल्या,
एकाचं नाव मॉरिसच ठेवत होते, मी अडवलं.
सगळं नवं करा.
फक्त डाव्या मडगार्डचा पोचा काढायचा नाही.
हिरण्यकेशीच्या पुलावर हे चालवत होते
आणि मी भांडत होते.

हुसेन चार दिवस त्या पोच्याभोवती फिरला.
हात शिवशिवायचे त्याचे.
काय बाई हाय, म्हणायचा,
घरभर झाडून कचरा देव्हाऱ्यात ठेव म्हणती!
पाचव्या दिवशी आतून गंज खरवडला,
बाहेरून खड्डा तसाच,
आणि त्याच्या कडेवर रंग असा बसवला
की सपाट पत्र्याला हेवा वाटावा.

तर बिल.
क्रोमचं लिहिलं. रबराचं लिहिलं.
लक्ष्मीपुरीतल्या रेक्झिनचं, टेम्पोचं, बाबूच्या चहाचंसुद्धा.
मजुरीच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
बायको म्हणाली, तास मोज, गुणिले दर.
मी म्हणालो, आणि ज्या तासांत मी शिट्टी वाजवत होतो ते?
ते पण धर.
शिट्टीचं जास्त लाव, हुसेन म्हणाला,
ऐकायला मला लागत हुती.

मी आकडा लिहिला. खोडला.
कमी लिहिला. तिनं पेन काढून घेतलं
आणि पहिला आकडा पुन्हा लिहिला,
पतसंस्थेच्या ठाम अक्षरात.
शेवटी मी एक ओळ घातली:
डावा मडगार्ड, पोचा जपला. रुपये शून्य.

डॉक्टरीणबाईंनी बिल दोनदा वाचलं.
घासाघीस केली नाही, हे मला जरा लागलं.
पैसे मोजले, मग पर्समधून पन्नासची नोट वेगळी काढली.
शून्याचं कुणी फुकट करू नये, म्हणाल्या,
आणि ती हुसेनच्या हातात ठेवली.

भाच्याला चालवायला बसवून निघाल्या.
कोपऱ्यावर दाराच्या खांबातून
तो इवलासा केशरी हात बाहेर आला,
मी डावीकडे वळतेय, असं सांगत.
मागच्या केएमटीवाल्याला काही कळलं नाही,
त्यानं जोरात हॉर्न दिला.

हुसेन नोट उजेडात धरून बघत होता.
मी शिट्टी वाजवायला तोंड केलं
आणि घड्याळाकडं बघितलं.