ड्रॅगनच्या मिशा

सातपूरला, सिग्नलच्या जरा अलीकडे,
पंक्चरवाल्याच्या भिंतीला टेकून
एक ड्रॅगन आहे.
रंगवणाऱ्याने जन्मभर नागोबाच काढले असावेत,
कारण याला फणा आहे
आणि चूक लक्षात आल्यावर घाईने लावलेल्या
दोन मिशा.
खाली लिहिलंय : चायनीज बार्बेक्यू. आत बसायची सोय आहे.
आत म्हणजे ताडपत्रीखाली.

आम्ही चौघी. सात तारीख.
पहिली पाळी सुटलेली, बोटांना अजून सोल्डरचा वास.
मंदा खैरनार मेनूकार्ड उजवीकडून वाचते,
आधी आकडा, मग पदार्थ.
"साठ रुपयाला चार काड्या," ती म्हणते,
"काड्या परत द्यायच्या का?"

ऑइलचं पिंप मधोमध चिरून आडवं निजवलंय,
वेल्डिंग कुणी केलंय ते मी ओळखलं,
आमच्याच शॉपमधल्या वाळुंजेचा हात, टाका थोडा जाड.
पिंपाच्या पोटात निखारे, वर लालबुंद कोंबडी,
आणि एक पोरगा ब्रशने तिला रस फासतोय.
ब्रश भिंतीचा, दोन इंची.
नवा आहे. विचारून घेतलं.

नजमाने विचारलं, कोंबडी कुणाकडची?
चौकातल्या शकीलभाईकडची.
मग तिने खुर्ची पुढे ओढली.
कुसुमचा मार्गशीर्षातला गुरुवार.
तिचे मशरूम त्याने पिंपाच्या टोकाला लावले,
वेगळ्या जाळीवर, वेगळ्या चिमट्याने.
आम्ही काही सांगितलं नव्हतं.

थंडी मी म्हणत होती. वारा फिरला
आणि धूर माझ्या अंगावर आला.
हा कोळसा नव्हे.
हा वास मी ओळखते,
जसा आपण झोपेतही आपल्या घराची कडी ओळखतो.
"द्राक्षाची खोडं आहेत, ताई," पोरगा म्हणाला.
"मोहाडीकडे जुनी बाग काढली कुणी तरी.
पिकअप भरून आणली.
स्वस्त पडतात. आणि गोड जळतात."

गोड जळतात.
मी चौदाची असताना छाटणीच्या काड्या वेचायचे,
ओळीमागून ओळ, रोजावर,
त्याच शिवारात कुठेतरी.
संध्याकाळी बांधावर त्या पेटवून द्यायचो आम्ही,
त्यावर भाजायला आमच्याकडे
काही नसायचं.
मी हे टेबलावर काढलं नाही.
मंदा तेव्हा एका काडीवर तीनच तुकडे का,
यावर बोलत होती.

शेजारच्या टेबलावरून हाक आली :
"ए चायना, अजून एक प्लेट!"
तो गेला, प्लेट ठेवून आला.
कुसुमने विचारलं, "नाव काय रे तुझं?"
"दावा."
"कशावर?"
आम्ही हसलो, तोही हसला,
हा विनोद त्याला शाळेपासून पाठ असणार.
"आमच्यात सोमवारला म्हणतात. सोमवारी झालो ना.
देवळाली कॅम्पात. वडील तोफखान्याच्या मेसमध्ये आचारी होते."
"आणि चीन?"
"चीन काय, मी अजून मनमाडच्या पुढे गेलेलो नाही, मावशी."
आणि चिमट्याने निखारा उलटला.

दोनशे ऐंशी झाले.
चौघींत सत्तर सत्तर,
कुसुम म्हणाली मशरूमचे कमी धरा, कुणी धरले नाहीत.
शेवटची काडी बराच वेळ ताटलीत पडून होती,
तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं,
म्हणजे सगळ्याच बघत होत्या.
नजमाने ती उचलून माझ्या पुढ्यात ठेवली.
का, ते तिलाच ठाऊक.

घरी पोराने माझी शाल हुंगली.
"कुठे गेली होतीस?"
चीनला, म्हटलं.
तो वैतागला. "खरं सांग ना."

खरं सांगायला वेळ लागला असता.
मी शाल दोरीवर टाकली,
धुतली मात्र रविवारी.